बाबा दुपारी झोपत नाहीत

धाकट्या,

सकाळी साडेदहाला शुश्रूषा केंद्रातून फोन आला, बाबांचा श्वास बदललाय. मी आणि आई निघतोय. तुला उठवलं नाही ते रात्रपाळीमुळे नव्हे. उठून तू ‘नंतर बघू’ म्हणाला असतास आणि आईच्या देखत ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

एक गोष्ट तुला माहीत नाही. बाबा सारखं तुझं विचारतात, म्हणून आईने सांगून टाकलं, “तो रोज दुपारी येतो, तुम्ही झोपलेले असता.” तेव्हापासून ते दुपारभर डोळे ताणून बसतात. वेदनेच्या औषधाने गुंगी येते, म्हणून तेही घेत नाहीत. आम्हाला वाटलं, नेहमीचा हट्ट. काल तिथल्या समुपदेशक बाईंनी शांतपणे विचारलं, तेव्हा म्हणाले, “चिरंजीव येऊन परत जातात हो. उद्या पकडतोच.” आई उठून बाहेर गेली, ती बराच वेळ आत आली नाही.

बाई म्हणतात, माफी-बिफी कुणीच मागायची नाही. नुसता येऊन बस, पाय चेप. जेवण झाकून ठेवलंय, पण आधी ये.

आत्ता नर्सचा पुन्हा फोन आला. बाबा जागे आहेत, औषध नको म्हणताहेत.

ताई