खळ दिलेले लंगोट

गोळीबार चौक, नागपूर
१४ मे १९७४

प्रिय जयाताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. आई गेल्यापासून आपण दोघी एकमेकींवर रुसून बसलो आहोत. तिचं शेवटचं लुगडं तू तुझ्या पेटीत ठेवलंस, मी मागितलं तर त्याला हात लावायचा नाही म्हणालीस, आणि मग मीही हट्टाला पेटले. बाळंतपणाला तू उमरेडला नेलं नाहीस तेव्हा तर माझा पारा आणखी चढला. तुझी सासू अंथरुणाला खिळलेली, तू तरी काय करणार, हे मला कळत होतं, पण कळलं म्हणून राग जातो थोडाच. आता तो बाजूला ठेवते, कारण माझं बाळ खालून सोलून निघालंय आणि ते मोकळेपणाने सांगावं असं मला दुसरं कोणी नाही.

बाळ आईवर गेलंय, तीच रुंद जिवणी. अंगाने भरलंय, दूध ओढून पितं. पण लंगोट सोडला की बघवत नाही. दोन्ही ढुंगणं लालभडक, जांघेच्या घडीत ओलसर, कडेला बारीक बारीक पुटकुळ्या. शू केली की असं किंचाळतं की पुढच्या खोलीत सासऱ्यांचा हातमाग थांबतो. आणि मी आतल्या खोलीत. खिडकी एकच, तीही वारा लागू नये म्हणून पोत्याने झाकलेली. वैशाखात खाटेखाली शेकाची शेगडी. सव्वा महिना उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाळ रडतं, मी घामाने निथळते, आणि बाहेर माग खटखट करत असतो. कधी कधी वाटतं, आपल्यालाच कोणी त्या मागाला बांधून ठेवलंय.

सासूबाई वाईट नाहीत, हे आधी लिहून टाकते, नाहीतर तू तिकडे दात-ओठ खात बसशील. डिंकाचे लाडू त्यांनी स्वतः वळले, बाळाला रोज स्वतःच्या पायांवर घेऊन न्हाऊ घालतात. पण पुरळ आलं तेव्हा सगळी नजर माझ्या ताटावर. "काय खाल्लं वं तू? पोराले उष्णता झाली," म्हणाल्या. मग तिखट बंद, डाळ बंद, आंबा तर डोळ्यांनीही बघायचा नाही. घरात पाडाचे आंबे वासावर आलेत आणि मी दूधभात गिळते. पुरळ होतं तिथेच आहे.

शेवटी ह्यांनी बाळाला दवाखान्यात नेलं, सासूबाईंना सोबत घेऊन. मी अर्थात घरी. डॉक्टरीणबाईंनी जांभळं औषध दिलं आणि नीट समजावलं, की लंगोट ओला झाला की लगेच बदला, कोमट पाण्याने धुऊन टिपून घ्या, चोळू नका, काही वेळ उघडं राहू द्या, लंगोट स्वच्छ धुवा. सासूबाईंनी ते सगळं मनापासून पाळलं. स्वच्छ धुणं तर त्यांच्याकडून शिकावं. पण धुऊन झालं की लंगोट खळीच्या घमेल्यात.

तुझ्या सासरी माग नाही म्हणून सांगते. इथे सूत ताणून त्याला तांदळाच्या कण्यांची खळ पाजतात, आणि उरलेल्या पातळ खळीत घरातलं प्रत्येक कापड बुडतं. धोतर, लुगडी, उशीचा अभ्रा, आणि बाळाचे लंगोटही. उन्हात वाळले की पापडासारखे कडक होतात. ओले झाले की तीच खळ चिकट होऊन त्या सोललेल्या कातडीला धरून बसते. मी एकदा म्हटलं, लंगोटांना कशाला. तर म्हणाल्या, "बिनखळीचं कापड म्हणजे चिंधी. कोष्ट्याच्या घरचं पोर चिंध्यांत निजवाचं काय?" लंगोटांना कोणी खळ देत असेल हे डॉक्टरीणबाईंच्या स्वप्नातही आलं नसणार, त्या विचारतील कुठून?

माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मध्यंतरी सूत आलं नाही, माग बंद पडला, खळ शिजली नाही. लंगोट नुसते पाण्यातून निघाले आणि बाळाची कातडी सुकायला लागली. जांघ कोरडी झाली, बाळ पोटभर झोपलं, मी तर त्याच्याहून जास्त झोपले. सासूबाईंनी आंबा बंद केल्याचा गुण म्हणून शेजारी सांगितलं. मग सूत आलं, घमेलं चुलीवर चढलं, आणि दोन दिवसांत पुन्हा लाल. तेव्हा मला कळलं. कळलं आणि मी आणखीच अडकले.

मोरीत चोरून लंगोट खळबळले, तर सासूबाईंनी दोरीवरच्या कापडाला नुसतं बोट लावून ओळखलं. "काहून वं, हे नरम काहून लागून राहिले?" जन्म खळीत गेला त्यांचा, त्यांच्या बोटांना कसं फसवणार? बाळाने भिजवले होते, मी म्हणाले. मग परवा धीर करून सांगितलंच, की सासूबाई, मला वाटतं त्याला खळ सोसत नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुपारी जेवल्या नाहीत. संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन त्याच्या पायांकडे बघत म्हणाल्या, "माह्या चारही लेकराइले मी असंच केलं."

ताई, चारांतले हे एकटेच राहिले. तिघं तान्हेपणीच गेली. कोणी तापाने, कोणी हगवणीने, लंगोटाचा त्यात काही संबंध नाही. मी तसं म्हटलं, पण त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. रात्री ह्यांना म्हणाल्या, त्याइच्याही जांघा अशाच लाल राहत होत्या. आता मी पुन्हा खळीचा शब्द कसा काढू? काढला तर त्या म्हाताऱ्या बाईला तिघांचा हिशोब मांडून बसवल्यासारखं होईल. आणि नाही काढला तर माझं बाळ रोज सोलून निघणार. दोन्हीकडून मीच कोंडलेली. मोठ्याने रडायचीही सोय नाही, बाळंतिणीने रडलं तर दूध आटतं म्हणतात.

काल सासूबाई त्यांची पेटी आवरत होत्या. त्यात त्यांच्या सासूचं एक जुनं लुगडं निघालं. साध्या पाण्यातून काढून त्यांनी ते सावलीत वाळवलं, घमेल्याकडे नेलंही नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "गेलेल्या बाईच्या लुगड्याले खळ नाही देत वं. तिनं घालून घालून मऊ केलं, ते मऊच राहू द्या लागते." हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय.

आईचं लुगडं मला दे, ताई. पेटीत ठेवायला नाही, बाळाला लंगोट करायला. नऊवारातून पुष्कळ निघतील. आजीच्या लुगड्याचे आहेत म्हटलं की सासूबाई त्यांना खळ लावणार नाहीत, आणि का नको हे कोणाला सांगावंही लागणार नाही. मी काय मागतेय ते मला कळतंय. तू त्याला हात लावू देत नव्हतीस, आणि मी ते बाळाच्या शी-शूसाठी मागतेय. तुझ्या सासूपाशी कोणाला तरी बसव आणि सकाळच्या एस.टी.ने ये, संध्याकाळी परत जा. फक्त तिथेच फाडून आण. एकटी बसून हवं तेवढं रडून घे आणि फाड. अख्खं आणलंस आणि मला त्याचा वास आला, तर माझ्याने ते फाडवणार नाही.

तुझीच,
शामला