आवाज अडवणारी भिंत

१ मार्च, रविवार

दादाचं डोकं ठिकाणावर नाही! जेवणाच्या टेबलावर पिस्तूल साफ करत बसला होता. नळी पार्टिशनकडे. पार्टिशनच्या पलीकडे त्याची लेक चिमणी, तिसरीत आहे, अभ्यास करत होती. मी म्हटलं, तोंड फिरव ते. तर म्हणतो, "रिकामं आहे गं. आणि साउंडप्रूफ भिंत आहे ती. आवाज जात नाही, गोळी काय जाते!" वर हसला. वहिनी ताटं उचलत राहिली.

पिस्तुलाची गोळी कशात किती आत जाते हे मोजायचाच मला अकरा वर्षं पगार मिळतो. पण घरात मी धाकटी ना! धाकटीला काय कळतं!

३ मार्च

साहेबांना विचारून आमच्या प्रयोगशाळेत चाचणीला तसंच पार्टिशन उभं केलं. दोन्हीकडे जिप्समचे बोर्ड, मध्ये काचेचा कापूस. आमचे नेमबाज काका (निवृत्त हवालदार) यांनी एक गोळी झाडली. पार! मागे दुसरं लावलं. पार. तिसरं. तेही पार. काका म्हणाले, "बाई, याला भिंत कोण म्हणतं? पडदा आहे हा."

४ मार्च

आज घरातलं सामान. लाकडी दार — पार. गादी — पार. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट — पार, आणि सहा स्वेटर कामातून गेले. अडवली ती फक्त पुस्तकांनी. एकामागे एक दाबून लावलेली, हातभर. त्यात रुतून बसली.

६ मार्च

दादाला बोर्डांचे फोटो पाठवले होते. त्याचा फोन. "तुझं ते भोकांचं प्रदर्शन घरी आणू नकोस. चिमणी घाबरेल."

चिमणी घाबरेल!!

८ मार्च, रविवार

नेलेच बोर्ड. टेबलावर आपटले. दादा म्हणाला, "तुमच्याकडच्या गोळ्या वेगळ्या असतात." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्याच मापाच्या आहेत, दादा!" निदान कुलपात ठेव म्हटलं, तर म्हणे, चोर आल्यावर किल्ली शोधत बसू का? मी ओरडले, तोही ओरडला. वहिनीने उठून खिडक्या लावून घेतल्या. लोक काय म्हणतील याचीच काळजी!

९ मार्च

रजा टाकली. दादा कामावर गेल्यावर चिमणीचं टेबल तरी दुसऱ्या भिंतीला लावावं म्हणून गेले. वहिनी म्हणाली, "राहू द्या ना, ताई." मी ऐकलं नाही. टेबल ओढताना भिंतीवरचा नकाशा निघून आला. खाली पार्टिशनवर नाण्याएवढा पुट्टीचा ठिपका, भोक बुजवल्यासारखा. चिमणीच्या खुर्चीत बसून पाहिलं. माझ्या गळ्याशी येतो. तिच्या कपाळाशी.

चिमणी शाळेतून येऊन दारात उभी होती. "आत्या, मी तेव्हा खोडरबर उचलायला वाकले होते. बाबा खूप रडले. कुणाला सांगायचं नाही म्हणाले."

म्हणजे त्याला माहीत होतं! मी तीन-तीन पार्टिशनं फोडत बसले, आणि त्याला आधीच माहीत होतं. तरी एक तारखेला नळी तिकडेच.

दादाचा पिस्तुलाचा परवाना रद्द करण्याचा अर्ज लिहिला. वहिनीपुढे ठेवला. तिने वाचलाही नाही — सही केली.