ललितच्या वाटणीचा रोट

लिंबायत, सुरत
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

चि. ललित,

ताईचे आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तू फोन उचलत नाहीस, तेव्हा शालिग्राममामांच्या हाती हे पत्र देतेय. ते उद्या सकाळच्या गाडीने नंदुरबारला येताहेत. निदान त्यांच्यासमोर तरी फाडू नकोस, ते तसंच्या तसं आईला येऊन सांगतील.

रविवारी घरी कानबाई देवी बसली, काल विसर्जन झालं. मिरवणुकीत नाचता नाचता शेजारच्या मंगलाबाईंची एक चप्पल हरवली आणि का कोण जाणे, त्यांचा संशय माझ्यावर आहे. आई बरी आहे. गुडघे आहेत तसेच.

माझं काम जोरात चाललंय. मांगरोळकडच्या कोळशाच्या खाणीत आम्हाला सापाचा एक मणका मिळाला, चांगला आवळ्याएवढा, दगड झालेला. तू म्हणशील, मेलेल्या सापाचं कसलं कौतुक. अरे, सापाला अंगची ऊब नसते. बाहेर जितकं तापेल त्या मानानेच तो वाढतो. त्यामुळे मोठा मणका हाती आला की त्या काळची हवा किती उष्ण होती, याचा अंदाज बांधता येतो. सोबत मगरीचे दात, मासे, वटवाघळांची नाजूक हाडं, घोड्यांचे दूरचे भाऊबंद, तेही शेळीहून लहान. पाच-साडेपाच कोटी वर्षांपूर्वी सगळी पृथ्वीच आजच्यापेक्षा तापलेली होती, आणि आपला हा जिल्हा म्हणजे समुद्राकाठचं दमट, दाट जंगल होतं.

हे सगळं मी नानांना मोठ्या हौसेने सांगितलं. त्यांनी त्यातलं नेमकं एकच उचललं. म्हणाले, "तवय बी तपे ना? त्या जनावरं जगनात, मंग मी बी जगसू."

आता त्यांनी असं का म्हणावं, ते सांगायला हवं. इतका वेळ चपला आणि मगरी लिहीत बसले ते यासाठीच की हे लिहायला हात धजत नव्हता.

मे महिन्यात नाना पलसाण्याला मिलमध्ये पडले. ओलं कापड सुकवायच्या त्या स्टेंटर मशीनवर थंडीतसुद्धा अंगावर सदरा राहत नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी तर बाहेरच अंगाची लाही होत होती. घाम यायचा थांबला, काहीबाही बोलायला लागले आणि कोसळले. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर ललितला कळवलंस तर माझं मेलेलं तोंड पाहशील. म्हणून तुला कळवलं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की किडन्या अर्ध्यावर आल्यात, पुन्हा तसली उष्णता सोसली तर माणूस हाती लागणार नाही. आणि हे गृहस्थ पौर्णिमा झाली की कामावर निघालेत. डबासुद्धा घासून ठेवलाय.

मी समजावून थकले रे. म्हटलं, नाना, त्या जनावरांना लाखो वर्षं मिळाली होती, पिढ्यान्‌पिढ्या अंग बदलत गेली. ज्यांना जमलं नाही ती तिथेच गाडली गेली. तुमच्याकडे एकच शरीर आहे, आणि तुम्ही साप नाही. ते नुसते हसले. लेकीच्या कमाईवर बसून खायचं नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलंय. घर सोडलंस त्या दिवशीही तू मशीन सोडा म्हणालास, त्यांनी ह्याच मिलने तुला पोसलं असं ऐकवलं, आणि तू बॅग उचललीस. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, दोघांचाही. खाण तशी माती. पण तू समोर बसून "नाना, आता मी आहे" एवढंच म्हणालास तर ते घरी बसतील. मी म्हटलं तर नाही बसणार. याचा मला राग येतो, फार राग येतो, पण त्याहून भीती जास्त वाटते.

ते बसतील हे मी हवेत बोलत नाही. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढतात ना, तू गेल्यापासून नाना फक्त स्वतःचे काढायचे. यंदा स्वतःचे काढून झाल्यावर पुन्हा पोत्यात हात घातला. थोडे गहू सांडले, ते एकेक वेचून परत मुठीत घेतले. आईने विचारलं, ही मूठ कोणाची? मान वर न करता म्हणाले, "मना पोऱ्यानी शे."

तुझा रोट पितळी डब्यात ठेवलाय. तो भाऊबंदांशिवाय कोणाला चालत नाही आणि पौर्णिमेआधी संपवावा लागतो. पौर्णिमा शनिवारी आहे. पाकिटात राखी शोधू नकोस, ठेवलेली नाही, ती इथेच येऊन बांधून घ्यायची. शुक्रवारी कुठल्याही गाडीने ये.

रोट उरला तर जमिनीत पुरतात, हे तुला सांगायला नको. ललित, मी पोटासाठी रोज पुरलेलंच उकरून काढते. घरातलं काही पुरायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

डबा न उघडता वाट बघणारी,
तुझी ताई
अर्चना