लाखबंद हिरवी बाटली माझ्या मालमत्तेत धरू नये

मी, कुमारी हेमा रावसाहेब ढमढेरे, वय वर्षे बहात्तर, धंदा पेन्शन घेणे, राहणार कसबा पेठ, पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. शुद्धीवर आहे असे नुसते लिहून माझ्या बाबतीत भागणार नाही, कारण मी एका बाटलीशी बोलते ही गोष्ट माझ्या भाच्यापासून खालच्या मजल्यावरच्या तुळजाबाईंपर्यंत सर्वांना माहीत आहे. म्हणून समोरच्या इमारतीतल्या डॉ. वल्लरी केंजळे यांनी मला वार, तारीख आणि शंभरातून सात-सात वजा करत जाणे असे सर्व विचारून दाखला दिला आहे. तो सोबत जोडला आहे. वजाबाकीत मी एकदा चुकले. त्या म्हणाल्या, त्याही चुकतात.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. श्रावणात एक मसुदा केला होता, तो फाडला. का फाडला, ते पुढे सहाव्या कलमात येईल. माझ्या पोटात जे वाढते आहे त्याला डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे, तेव्हा आवराआवर आता करणे बरे.

१. राहते घर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या व गॅलरी, मी माझ्या पगारातून घेतले आहे. ते वडिलोपार्जित नाही. ते माझ्या कै. बंधूंचा मुलगा सुदर्शन व त्याची पत्नी नम्रता या दोघांना समान हिश्शाने द्यावे. एकट्याच्या नावावर करावे असे सुदर्शनने सुचवले होते. "आत्या, आमच्या दोघांत तुझं-माझं काही नाही," असे तो म्हणाला. तसे असेल तर दोन नावे लागल्याने त्याचे काही बिघडणार नाही.

२. बँकेतल्या ठेवींमधून दवाखाना आणि माझे शेवटचे कार्य यांचा खर्च जाता जे उरेल ते नम्रताचे. ती हडपसरहून दोन बस बदलून येत असे, फ्रीज पुसून देत असे आणि निघताना मला "येते हं" म्हटले की शोकेसकडे वळून पुन्हा एकदा "येते हं" म्हणत असे. तिने मला कधी काही विचारले नाही. या घरात एवढा पोच असलेले दुसरे माणूस मी पाहिलेले नाही.

३. म्हातारी भिंतीशी बोलते असे सोसायटीभर सांगणाऱ्या तुळजाबाईंना माझी कानाची दोन्ही यंत्रे द्यावीत. ऐकायचेच तर नीट ऐकावे.

४. टेलिफोन खात्याचा एक हेडफोन कपाटात वरच्या खणात आहे. ट्रंक एक्स्चेंज बंद झाले त्या दिवशी मी तो पिशवीत घालून घरी आणला. सरकारी माल आहे, खात्याने मागितल्यास परत करावा. तो कानाला लावून मी माझी उमर काढली आणि त्या कामात मला एकच गोष्ट चांगली कळू लागली. तुटलेल्या लाइनची शांतता वेगळी असते, आणि लाइनवर माणूस आहे पण त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, ती शांतता वेगळी असते. अशा वेळी आम्ही "बोला" म्हणत असू आणि थांबत असू. हे इथे लिहिण्याचे कारण पुढे कळेल.

५. बाटल्या. माझे वडील रावसाहेब यांचे कसब्यात औषधांचे दुकान होते. औषध विकता विकता त्यांना बाटलीचा नाद लागला. गोटीच्या सोड्याच्या बाटल्या, अत्तराच्या कुप्या, शाईच्या दौती, दगडी भांड्यासारख्या जाड बिअरच्या बाटल्या आणि विषाच्या निळ्या बाटल्या, ज्यांच्या अंगावर मुद्दाम खाचा ठेवलेल्या असत, म्हणजे अंधारात हात पडला तरी बोटांना कळावे. वडील गेल्यावर बंधूंनी दुकानाची जागा घेतली आणि बाटल्या मला दिल्या. वाटणी समान झाली असे ते मरेपर्यंत म्हणत.

शोकेस पश्चिमेच्या भिंतीला आहे. दिवसभर तापलेली काच दिवेलागणीला निवू लागली की आत बारीक टिकटिक सुरू होते. पाहुणे दचकतात. म्हणून पाहुणे कमी झाले. मला त्याची सवय आहे.

गेल्या माघात सुदर्शनच्या आग्रहावरून मी जुन्या बाजारातल्या फैझलला मोल करायला बोलावले. बाटल्यांचा धंदा त्याच्या घरी तीन पिढ्यांचा आहे. तो एकेक बाटली उचलायचा, शिवणीवरून अंगठा फिरवायचा, तळ उजेडात धरायचा आणि जमिनीवर डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचा. वडिलांनी ज्या पेशवाई अत्तरदाणीसाठी आईची पाटली मोडली होती, ती डावीकडे गेली.

"ही मुरादाबादची, मॅडम. तुमच्या-माझ्यापेक्षा लहान."

"वडील फसले म्हणायचे."

"फसले नाहीत, आवडीने घेतली. आवडीच्या मालाला बाजार नसतो, एवढंच."

उजवीकडेही बरेच जमले, त्यात आईने लोणच्याच्या तेलासाठी वापरलेल्या दोन बाटल्या निघाल्या. फैझलने सांगितलेला भाव मला मान्य आहे. माझ्या पश्चात सहाव्या कलमातली एक सोडून सर्व बाटल्या त्यालाच विकाव्यात आणि ती रक्कम सुदर्शनने घ्यावी. निळ्या बाटल्यांत घरात कोणी सरबत भरू नये, त्या कितीही सुंदर दिसत असल्या तरी.

६. आता ज्या बाटलीमुळे हे सर्व लिहिणे आले, ती. साधी हिरवी काच, बुचावर लाख, गळ्याला काळा दोरा. अंगावर वडिलांच्या दुकानाची चिठ्ठी आणि तिच्यावर त्यांच्याच अक्षरात: सौ. दीपमाला, दोन चमचे, दोन वेळा. बाळंतीण बाईसाठी नेलेले शक्तीचे औषध होते ते.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात एक वयस्कर माणूस ही बाटली परत घेऊन दुकानात आला. त्या दिवशी माझी सुट्टी होती, मी गल्ल्यावर बसले होते. तो लोणी काळभोरच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा. त्याची सून दीपमाला विहिरीत गेली होती आणि त्यानंतर तिने घराला सुख लागू दिले नव्हते. जनावरे त्या पाण्याला तोंड लावीनात. चूल आपोआप विझे. मग देवऋषी बोलावून तिला या बाटलीत घातले आणि नदीत सोडायला सांगितले.

"सोडाया आलो व्हतो," तो म्हणाला. "घाटावर एक जण म्हनला, हे पानी लोणीलाच जातंय. म्हंजी मी घरी जायच्या आत ही घरी हाय. बाटली तुमच्या दुकानाची हाय, नाव हाय बघा. ठिवून घ्या."

वडिलांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. ते म्हणाले, "भुताचे मी काही देणे लागत नाही. बाटलीची अनामत आठ आणे आहे, ती घेऊन जा." त्या माणसाने आठ आणे घेतले, मोजून खिशात टाकले आणि पाठ न दाखवता मागच्या मागे पायऱ्या उतरला.

हा किस्सा आमच्याकडे पुढे कित्येक वर्षे जेवताना सांगितला जाई आणि पंगत हसे. बाटल्या माझ्याकडे आल्यावर मात्र मला हसू येईना. पावसाळ्यात बाकीच्या बाटल्या बाहेरून दमट होत, ही आतून होई. काचेवर आतून धुके धरे आणि सकाळपर्यंत ओसरे. लाख तर जशीच्या तशी. आणि एका दिवेलागणीला टिकटिक थांबल्यावर मी ती शांतता ऐकली. तुटलेल्या लाइनची नव्हे, दुसरी. माझ्या तोंडून सवयीने "बोला" निघून गेले.

ती बोलली नाही. मग मीच बोलू लागले. भाजीचे भाव, बंधूंचे आजारपण, ऑफिसातल्या बायका, आणि जे कोणापाशी बोलता येत नाही तेही सगळे. मला भीती वाटत होती का? वाटत होती. पण घरात कोणी नसण्यापेक्षा भीती बरी, असे एकट्या बाईला वाटू शकते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी एकटे राहून पाहावे.

फैझलने ही बाटली उजेडात धरली, लगेच खाली ठेवली आणि मोरीत जाऊन हात धुतले.

"काच भंगाराच्या भावाची, मॅडम. पण लाख फुटलेली नाही, गोष्ट खरी आहे. अशा मालाला बाहेर वेडं गिऱ्हाईक आहे. बाकी सगळ्या मिळून होतील त्याच्या दुप्पट ही एकटी देईल."

"मग तू घे."

"मी नाही. दुकानात माझी अम्मी बसते."

सुदर्शनची अम्मी दुकानात बसत नसल्यामुळे त्याने बाटलीचा फोटो इंटरनेटवर टाकला, खाली तिची सगळी हकीकत लिहिली आणि दिल्लीच्या एका गृहस्थांकडून इसारही घेतला. तो मुलगा वाईट नाही. हप्ते माणसाला घाई करायला लावतात. इसार त्याने आठवड्याच्या आत परत करावा आणि नुकसान माझ्याकडून भरून घ्यावे.

त्या फोटोतली चिठ्ठी वाचून श्रावणात एक बाई माझ्या दारात आली. चाळिशीची, अंगात दवाखान्याचा पांढरा कोट.

"मी मुक्ताई. बाटलीवर जिचं नाव आहे, तिची मुलगी."

मी बसा म्हटले, ती बसली नाही. शोकेसपुढे उभी राहून चिठ्ठी वाचत राहिली. त्या फोटोआधी आईचे नाव तिने कुठे लिहिलेले पाहिले नव्हते.

"घरात तिचा फोटो नाही," ती म्हणाली. "मी कुणासारखी दिसते विचारलं की आजी माझ्या तोंडावर हात ठेवायची. पाय घसरला म्हणतात. मी मोठी झाल्यावर विहिरीवर जाऊन उभी राहिले. कठडा माझ्या कमरेपर्यंत येतो." मग तिने विचारले, "ती बोलते का?"

"नाही," मी म्हटले. "असते."

तिने बाटली मागितली. मी तिला सांगितले की माझे थोडेच दिवस राहिले आहेत, माझ्यामागे बाटली तुलाच मिळेल, तसे मृत्युपत्रात लिहिलेले आहे. हवे तर वाचून दाखवते.

"आत्ता का नाही?"

"इतकी वर्षे तिचीच सोबत आहे मला."

मुक्ताई शांतपणे म्हणाली, "तुम्हाला सोबत झाली, बाई. तिला कुणाची झाली?" आणि चपला घालून गेली.

त्या दिवशी दिवे लागल्यावर मी नेहमीसारखी बसले. माझ्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून प्रथमच गप्प राहून ऐकले. बाटलीत धुके धरले होते. ऑपरेटरने लाइन जोडून द्यायची असते, स्वतः मध्ये बोलत बसायचे नसते, हे मी नव्या मुलींना शिकवीत असे. मला माझी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मसुदा फाडला.

वकिलांनी मला समजावून दिले आहे की मृत्युपत्राने फक्त स्वतःच्या मालकीची वस्तू देता येते. दीपमाला माझ्या मालकीची नाही. ती माझ्या वडिलांच्या मालकीची नव्हती आणि आठ आणे घेऊन गेलेल्या माणसाच्या तर नव्हतीच नव्हती. म्हणून ती बाटली माझ्या मालमत्तेत धरू नये. मी ती कोणाला देत नाही, कारण मला ती देता येत नाही.

आज सकाळी मुक्ताईला बोलावले. तिने केसातला आकडा काढून लाख टोकरली. बूच सहज निघाले, ज्याला इतकी वर्षे आम्ही भ्यालो ते. आत हळदीचे फडके, हिरव्या बांगडीचा तुकडा आणि केसांची एक बट होती. मुक्ताईच्या कानामागे एक बट आहे, तेल चोपडले तरी वळून बसते. बाटलीतली बटही तशीच वळलेली निघाली. ती रडली नाही. आरसा आहे का, म्हणाली. मी न्हाणीघरातला काढून आणून दिला. ती बराच वेळ आरशात पाहत होती आणि मी दुसरीकडे पाहत होते.

वाऱ्याची झुळूक, दिव्याची फडफड, असे काही झाले नाही. फक्त शांतता बदलली. यंत्रे कानात असूनही मला काही ऐकू आले नाही, आणि या घरात मी एकटी आहे हे मला पहिल्यांदा कळले. ते फार जड आहे. तरीही आजचा वार आणि तारीख मी कोणाला न विचारता खाली लिहीत आहे, याची नोंद डॉक्टरीणबाईंनी घ्यावी.

७. माझे दहन विद्युतदाहिनीत करावे. अस्थींच्या मडक्याचे तोंड फडक्याने बांधण्याची रीत आहे. माझे बांधू नये. वाटेत थोडे सांडले तरी चालेल.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी नम्रताने करावी. सुदर्शनने तिला गाडीतून न्यावे-आणावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि तो मला मान्य आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. ज्यांना माझ्याकडून काहीही मिळालेले नाही अशा दोघींसमोर मी सही करीत आहे आणि त्या माझ्यासमोर करीत आहेत. दुसऱ्या साक्षीदाराने सहीपूर्वी विचारले की पूर्ण नाव लिहिताना मध्ये वडिलांचेच नाव लिहावे लागते का. कायद्याचे मला माहीत नाही. मृत्युपत्र माझे आहे, तुला हवे ते लिही, असे मी सांगितले आहे.

ठिकाण: कसबा पेठ, पुणे
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, रविवार

मृत्युपत्र करणार: हेमा रावसाहेब ढमढेरे (सही)

साक्षीदार:
१. डॉ. वल्लरी केंजळे (सही)
२. मुक्ताई दीपमाला (सही)