मे महिन्याचं पान

१२ जाने. ९७, रविवार
चावडीवर बैठक. दोन वर्षांमागे रिटायर होऊन गावी आलेले हवालदार (ह.) भीमराव महिनाभर माझी शाळेतली पावसाची वही घरी घेऊन बसले होते. आज तक्ता लावला. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजू चिकटवून केलेला, भिंतभर. निळी रेघ म्हणजे पाऊस. माझ्या आधीच्या गुरुजींच्या काळात प्रत्येक मेमध्ये निळं काहीतरी आहे. मी आल्यापासून आठ मे, आठही कोरे.
ह. म्हणाले, "वळीव गेला. रेडिओवर सांगत्यात पृथ्वी तापाय लागली, पावसाचं टाइमटेबल बिघडलं. आपल्याकडं त्याचा पुरावा हाय. बाईंची वही."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पदर सारखा केला.
ठराव झाला: पाझर तलावाला कुणी इंजिन लावायचं नाही. पाणी फक्त माणसांना आणि जनावरांना. दर रविवारी घरटी एक माणूस ओढ्याला बांध घालायला. बाबूरावांचा ऊस तलावाच्याच पाण्यावर, पण सरकारी वहीपुढे तेही गप्प.
मग शेवंताआत्या उठली. "आवं, चार वर्सांमागं मेमदी लय आलता की. माझा बैल ईज पडून मेला त्या दिशी."
ह.नी वही चाळली. "आत्या, वहीत शून्य हाय. जून असंल त्यो."
कुणीतरी हसलं, वय झालं म्हणालं. तिनं मला विचारलं, "व्हय वो बाई?"
मी म्हणाले, "वहीत तर शून्यच आहे."

१३ जाने.
इथे तरी खरं लिहावं.
मेचं पान मी एप्रिलच्या शेवटच्या दिवशीच भरते. एकतीस शून्यं, खाली सही. सहीच्या वर छापलेलं असतं, 'प्रत्यक्ष पाहून नोंदविले'. मग रहिमतपूरची एस.टी. धरायची, घरी जायचं. सुट्टीत पाऊस कोण बघतो?
९३च्या जूनमध्ये परत आले तर शाळेची चार कौलं उडालेली आणि अंगणातलं पाऊस मोजायचं भांडं काठोकाठ भरलेलं. बैल मेल्याचंही त्याच दिवशी कळलं होतं. पानाची नक्कल घरूनच तालुक्याला धाडलेली. भांडं उचललं, लिंबाच्या बुंध्याशी ओतलं. कुणी बघत नाही ना, हे मात्र आधी बघितलं.

१९ जाने.
पहिला रविवार. पंचेचाळीस-पन्नास माणसं. मीपण घमेलं घेऊन गेले. ह. सगळ्यांना सांगत होते, बाईंनी आठ वर्षं वही ठेवली म्हणून हे दिसलं. चहाचा पहिला कप मला. नको म्हटलं तर आग्रह. प्याले. गोड लागला, हेही लिहिलं पाहिजे.

२ फेब्रु.
बांध कमरेइतका झालाय. गाव इतकं एकत्र मी इथे कधी बघितलं नव्हतं. मराठ्यांची पोरं आणि बौद्धवस्तीतली पोरं एकाच ओळीत दगड देतायत.
आता बोलले तर हे मोडेल. असं मनाशी म्हणते आणि बरं वाटतं. बरं वाटतं म्हणजेच लबाडी आहे. गावाच्या नावावर मी माझी अब्रू झाकतेय.

११ फेब्रु.
रविवारचे आकडेही आठवले, तेही भांडं न बघता भरलेले. सोमवारी पोरांना विचारायचे, काल किती पडला रे? "लय!" म्हणाली की वीस मिलिमीटर. "जरा जरा" म्हणाली की पाच. आणि ह.नी त्या विसाची रेघ पट्टी लावून काढलीय.

२० फेब्रु.
नळावर कळलं. शेवंताआत्याच्या सुनेनं पेटीची किल्ली काढून घेतली. का, तर बैठकीत सिद्धच झालं ना, म्हातारीचं ध्यान गेलं. बैल कधी मेला तेसुद्धा आठवत नाही.
ती किल्ली आत्याच्या कमरेला असायची. नवरा गेल्यापासून घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.


२३ फेब्रु.
गेले तिच्याकडे. सून रानात होती. आत्या शेंगा फोडत होती. सगळं सांगितलं, लिंबाच्या बुंध्यासकट. वाटलं होतं रागावेल, निदान रडेल.
म्हणाली, "मंजी पडलाच हुता."
"हो."
"म्या महिनाभर इचार करतीया. बैल मेला का न्हाई, तेबी कवा कवा खोटं वाटाय लागलं."
पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. "हितं काय सांगताय बाई? चार लोकांत गप बसला, चार लोकांतच बोला."

२ मार्च
बोलायला गेले होते. बांधाचं शेवटचं टोक जुळलं, गुलाल उडाला, ह.नी माझ्या गळ्यात हार घातला. बोलले नाही. आत्या पलीकडे पाटी घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. कुठे तोंड लपवू असं झालं.

४ मार्च
यांना पत्र लिहिलं, सगळं कळवलं. रविवारपर्यंत उत्तर येणार नाही. तोवर थांबावं असं म्हणत होते. तीही पळवाटच आहे.

९ मार्च
बोलले.
तक्त्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं, हे आठही मे खोटे आहेत. मी इथे नव्हतेच. शेवंताआत्या खरं बोलत होती आणि ते मला त्याच दिवशी माहीत होतं.
आधी कुणाला कळेचना. मग बाबूराव म्हणाले, "मंजी वळीव पडतोय का न्हाई?" मी म्हणाले, "मला माहीत नाही." माझ्या तोंडून वळवाबद्दल निघालेलं हे पहिलं खरं वाक्य.
"मग ठराव कशावर केला? माझं इंजिन सोमवारी लावतो."
गलका. शिव्याही आल्या, त्यातल्या दोन माझ्या घराण्यापर्यंत. ह.नी भिंतीवरून तक्ता काढला, घडी घातली. इतकंच म्हणाले, "बाई, म्या रिटायर हून आलो त्याच वर्सी म्हनलो हुतो, सुट्टीत किल्ली माज्याकडं द्या."
म्हणाले होते. भांड्याच्या कुंपणाची किल्ली. 'सरकारी वस्तू आहे' म्हणून मी नाही दिली. खरं कारण वेगळं होतं. किल्ली बौद्धवस्तीत, ह.च्या घरी ठेवायची म्हणून हात आखडला. एवढी शिकलेली मी. ते मात्र आज चार लोकांत बोलले नाही.
गलक्यात शेवंताआत्याच उठली. "वहीत नसंना. आमच्या ध्यानात हाय का न्हाई?"
आणि बायका सुरू झाल्या. लग्नं मेमधलीच. कुणाचा मांडव भिजला, कुणाचा उडाला, कुणाच्या पंगतीत भात वाहून गेला. पूर्वी मांडव भिजला नाही असं लग्न नव्हतं म्हणे. अलीकडे आत्याच्या बैलाचं वर्ष, आणि नंतर एकदा पाटलांच्या धाकटीचं. बाकी कोरडे. ह. पाठमोरे होते ते वळले. खिशातून पेन काढलं.
बाबूराव: "लगीन मंजी काय पुरावा हाय?"
नाही, पुरावा नाही. पण पन्नास माणसांना एकदम जाणवलं की काहीतरी खरंच बदललंय, आणि कुणी हसलं नाही. एक म्हातारा रडला. मलाही भीती वाटली, या आठ वर्षांत पहिल्यांदा. शून्यं लिहिताना कधी वाटली नव्हती.
शेवटी ठरलं: ३१ मेपर्यंत तलावाला हात नाही. यंदाचा मे गाव मोजणार. रोज दोन माणसं, पाळीनं, सकाळी साडेआठला. एकानं बघायचं, दुसऱ्यानं खात्री करायची. बाबूरावांची अट, पहिल्या दिवसाची पाळी त्यांची.
कुंपणाची किल्ली चावडीच्या खिळ्याला.

१० मार्च
तालुक्याला अर्ज लिहिला. आठ वर्षांच्या मेच्या आणि रविवारच्या नोंदी धरू नयेत. खाली सही. काय कारवाई होईल ती होवो. ह.कडे जाऊन किल्ली का दिली नव्हती तेही सांगितलं. म्हणाले, "ते म्हाईत हुतं बाई." चहा विचारला नाही.

२२ मार्च
यांचं पत्र. 'तू तिथे राहून काय पाऊस पाडणार आहेस? मेमध्ये ये.' पुढे चार ओळी मुलीच्या अभ्यासाच्या. खाली बारीक अक्षरात: 'बोललीस ते बरं केलंस.'

३० एप्रिल
सुट्टी लागली. सगळे मास्तर दुपारच्या एस.टी.नं गेले. मी थांबले. मेचं पान कोरं. असं कोरं पान या तारखेला कधी बघितलं नव्हतं. हात सवयीनं शून्याकडे जात होता.

१ मे
बाबूराव आले, स्वच्छ धोतर नेसून. भांड्यात डोकं घालून बघितलं. "काय न्हाई." लिहिलं. इंजिन मात्र त्यांनी तलावाच्या कडेला गाडीवर आणून ठेवलंय, झाकून.

९ मे
शून्य. आड आटले. तलावात गुडघाभर. उन्हात तोंड बाहेर काढवत नाही. ह. आता बोलतात, कामापुरतं. तक्ता नवा केलाय. माझ्या आठ मेंच्या जागी निळं नाही, पांढरंही नाही. पेन्सिलीनं आडव्या रेघा मारल्यात, 'माहीत नाही' म्हणून. चावडीत शिरताना रोज तेच आधी दिसतं.

१७ मे
काल दुपारी ढग आले. गाव बाहेर. वारं सुटलं, धूळ उठली, थेंब पडले, मोठे, लांब लांब. लगेच गेला.
आज पाळी शेवंताआत्याची, जोडीला मी. आत्यानं भांड्यात वाकून बघितलं, बोट फिरवलं, मला दाखवलं. बोट ओलं. काचेच्या मापात ओतायला मात्र काही नाही.
मनात आलं, शून्य लिहिलं तर ह.चं म्हणणं राहील. दोन लिहिले तर लोकांना जरा धीर येईल. मनाचं हे वळण अजून गेलेलं नाही.
आत्या म्हणाली, "दिसतंय ते लिवा."
लिहिलं: 'ओल. मोजता आली नाही.' मी सही केली, तिनं अंगठा दिला.
कुंपणाला कुलूप लावताना विचारलं, पेटीची किल्ली दिली का सुनेनं?
"न्हाई. म्हंती, बाई तवा खोटं बोलल्या का आत्ता, ते कुनी बघितलंय?"
तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि गेली.
उद्या पाळी: सुनेची. जोडीला मीच.