खुर्ची खिडकीपाशी

२ नोव्हेंबर

मी या घरात राहायला आले त्या वर्षी आई पहिल्यांदा आली आणि दारातच म्हणाली, तुझ्याकडे आलं की चपला काढाव्याशा वाटत नाहीत. बस, एवढंच. मग चपला घालूनच चहा घेतला आणि गेली. पुढे ताईच्या घराची फरशी बदलत होते तेव्हा महिनाभर राहिली, तेव्हाही घरभर चपला. मी ते वाक्य मनाला लावून घेतलेलं नाही. बारा वर्षं झाली. नुसतं लक्षात आहे.

आज ताईचा फोन. आई हिवाळाभर माझ्याकडे यायचं म्हणतेय. स्वतःहून. आधी आठ दिवस येऊन बघेल, जमलं तर थंडी संपेपर्यंत राहील. मी विचारलं, अचानक काय झालं? ताई म्हणाली, अगं, तिला हल्ली कमी दिसतं. आमच्याकडे रोज कोणी ना कोणी काहीतरी हलवतं, दप्तरं काय, सायकल काय. तुझ्या घरात वर्षानुवर्षं काही हलत नाही, म्हणून ती म्हणतेय.

टोमणा. ताईला फोनवरही तोंड वाकडं करता येतं. काही हलत नाही म्हणे. बघच आता.

मला सोबत वगैरे नको आहे. मी एकटी मजेत आहे. फक्त सकाळी दोन कप काढायला बरं वाटतं, एवढंच.

५ नोव्हेंबर

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कोटाच्या खिशात कोणीतरी विसरलेलं मासिक काउंटरवर बसून वाचलं. (ड्रायक्लीनिंगला कपडे देताना लोक खिशात काय काय ठेवतात, यावर कधीतरी लिहायला हवं.) लेख: कमी खर्चात ऋतूप्रमाणे घर. फोटोतल्या बाईच्या घरी सुकलेली पानं, संत्र्याच्या साली, उन्हात खुर्ची, खुर्चीत बाई, बाईच्या हातात कप. सगळं घरातल्याच वस्तूंतून. बाई सोडून सगळं माझ्याकडेही आहे.

संकल्प: आई येईपर्यंत घर असं करायचं की दारात पाऊल टाकताच तिने चपला काढल्या पाहिजेत. शिवाय यंदा हिवाळ्याचा आनंद घ्यायचा. रविवारी सकाळी, धुणं झाल्यावर.

९ नोव्हेंबर

पडद्यांचा प्रश्न सुटला. दुकानात वरच्या रॅकवर मोहरीच्या रंगाचे मखमली पडदे कधीपासून पडून होते. पावतीवरचा फोन लागत नाही. मालकांना विचारलं. ते हिशेब करत होते. मान वर न करता म्हणाले, न्या की, आता कोण येतंय.

घरी लावून पाहिले. फार लांब. खालून हातभर कापले. उरलेल्या कापडाच्या दोन उशा केल्या. एक जरा तिरकी झाली, पण मासिकातल्याही तिरक्याच होत्या.

१३ नोव्हेंबर, रविवार

धुणं झालं. आनंद घ्यायला बसणार तर उन्हाचा पत्ता नाही. आमच्या खिडकीत ऊन समोरची बिल्डिंग आणि तिच्यावरची टाकी यांच्या फटीतून येतं. मी खुर्ची ओढत आणेपर्यंत ते टाकीमागे गेलं.

चूक उन्हाची नाही, खुर्चीची आहे. ती पलंग आणि बाथरूमच्या बरोबर मध्ये वर्षानुवर्षं उगाच उभी आहे. तिच्यावर कोणी बसत नाही, फक्त येता-जाता पाठीवर हात पडतो. आता कायमची खिडकीपाशी. आई तिथे उन्हात बसून संत्रं सोलेल आणि मी ऑफिसातून, म्हणजे दुकानातून, आल्यावर ती म्हणेल, अगं, वेळ कसा गेला कळलंच नाही.

खुर्चीच्या जागी, जमिनीवर अंथरलेल्या लिनोलियमवर, पायांचे चार खड्डे पडलेत. वाईट दिसतात. काहीतरी झाकायला हवं.

१७ नोव्हेंबर

जुन्या स्वेटरांच्या पट्ट्या कापून वेणी घातली आणि वेणी गोल गोल शिवून सतरंजी केली. बोटांना फोड. सतरंजी थोडी पातेल्यासारखी झाली आहे, कडा वर येतात. पायाखाली सरकतेही. वापराने बसेल.

ताईला फोन केला. सहज. आईसाठी जरा आवराआवर करतेय म्हटलं. ताई म्हणाली, फार काही करत बसू नकोस हं. तिला बाकी काही नको. तिला फक्त सगळं जिथल्या तिथे हवं.

जिथल्या तिथे म्हणजे स्वच्छ. ते मी ठेवतेच.

२० नोव्हेंबर, रविवार

ऊन आलं नाही. ढग. म्हणून रंगकाम.

समोरच्या काकूंच्या गॅलरीत रंगाचे तीन अर्धवट डबे होते. एकात निळा, एकात पांढरा, एकात काय ते झाकण निघेपर्यंत कळलं नाही. बादलीत एकत्र केले. मनात आकाशी होता. भिंतीवर तो शाळेतल्या पाटीसारखा आला. मग म्हटलं, गडद बराच. आईला कमी दिसतं, तिला उठून दिसेल. काळजी घेणारा माणूस अशा गोष्टींचा विचार करतो.

संध्याकाळी काकू आल्या. बराच वेळ भिंतीकडे पाहून म्हणाल्या, ओल आलीय का गं?

२४ नोव्हेंबर

रंग अजून चिकट आहे. काकूंच्या मते एक डबा ऑइलपेंटचा आणि एक साध्याचा असणार. असं कोणी करत नाही, म्हणाल्या. म्हणजे हा रंग कोणाकडेच नाही.

फळवाल्याकडून लाकडी खोकी आणली. तो म्हणाला, सरपणाला का? मी म्हटलं, टेबलाला. त्याने एक जादा दिलं, दयेने. घासून, दोन जोडून, बुटकं टेबल केलं. खुर्ची गेल्यापासून पलंगापुढची मोकळी जागा डोळ्यांत खुपत होती, ती भरली. खाली सतरंजी, वर टेबल. गुडघ्याच्याही खाली येतं, पण त्याला संत्र्याचा वास आहे. मागे सरून पाहिलं. घर हललं आहे. ताईने यावं आणि पाहावं.

२९ नोव्हेंबर

काल पडदेवाली बाई आली.

बिचारी आजारी होती, नंबर बदलला होता. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी संध्याकाळी घरी जाऊन पडदे काढले, इस्त्री केले, आज सकाळी कव्हर घालून दिले. तिने तिथेच उघडले. मी म्हटलं, मखमल आहे, आटते कधी कधी. ती म्हणाली, एवढी? आणि फक्त खालूनच?

मालक मालकांसारखे वागले. म्हणजे तिच्यासमोर काही बोलले नाहीत. मागून खूप बोलले. उशांचा विषय निघाला नाही. मी काढलाही नाही.

खिडकीला आता चादर. चहाच्या पाण्यात उकळली म्हणजे जुनी, उबदार वाटेल असं मासिकात आहे. उकळली. काकूंनी विचारलं, काय सांडलं?

१ डिसेंबर

सुकलेली पानं आणून बरणीत मांडली. त्यांच्यातून किडे निघाले, छोटे, शहाणे. बरणी गॅलरीत. संत्र्याच्या साली दोऱ्यात ओवून खिडकीत टांगल्या. वास येतो. थोडा बुरशीचा आहे, पण ऋतूचाच.

गेल्या महिनाभरात मी एकदाही उन्हात बसलेले नाही. हरकत नाही. आईबरोबर बसेन.

४ डिसेंबर

आई आली. भावोजींनी सोडलं, बॅग आत ठेवली, माझ्या भिंतीकडे पाहिलं आणि चहा न घेता गेले.

आणि आईने दारातच चपला काढल्या.

मी काही म्हटलंसुद्धा नव्हतं. उंबऱ्याशी थांबली, एक काढली, दुसरी काढली, पायानेच भिंतीला सरकवल्या, आणि अनवाणी आत आली. हळूहळू, तळवे टेकत टेकत, देवळात यावं तशी. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

बाहेर आले तर ती पलंगावर बसली होती. म्हणाली, छान केलंस गं. मी अजून दिवाही लावला नव्हता. काही माणसांना घराचा नूर अंधारातही कळतो.

५ डिसेंबर

रजा काढली. मालक म्हणाले, घ्या, हवी तेवढी घ्या. स्वर चांगला नव्हता.

आईला घर फार आवडलं आहे. चालताना भिंतीवरून सारखा हात फिरवते. तळहात निळा झाला, तो मी रॉकेलने पुसला. ती म्हणाली, भिंत ओली का आहे गं? मी म्हटलं, नवीन रंग. ती म्हणाली, हो का, मला वाटलंच.

तिला उन्हात खुर्चीत बसवलं. संत्रं दिलं. तिने सोललं, फोडी मोजून दोन वाट्या केल्या, मोठी मला. ऊन चेहऱ्यावर आलं तेव्हा डोळे न मिटता थेट तिकडे तोंड करून बसली. टाकीमागे गेलं तरी तशीच. मी म्हटलं, आई, ऊन गेलं. म्हणाली, कळलं मला, गालाला कळतं.

कपातला चहा निवेपर्यंत आम्ही बसलो. हिवाळाभर राहिली तर मी अजून एक खुर्ची करणार आहे. खोकी आहेत.

६ डिसेंबर

आई पडली.

काल दिवसभर मी हाताला धरून फिरवत होते; आज सकाळी उठून एकटीच बाथरूमकडे निघाली. मी स्वयंपाकघरात होते, दोन कप काढत होते. आवाज झाला. गेले तर ती खोक्यांवर आडवी, पाय सतरंजीत, आणि एक हात पुढे, हवेत काहीतरी धरायला निघालेला.

मी उठवायला गेले तर म्हणाली, खुर्ची कुठे गेली गं?

७ डिसेंबर

मनगट मोडलं आहे. प्लास्टर. ताई आणि भावोजी आले, घरून तिची बॅग उचलून तिला घेऊन गेले.

हॉस्पिटलच्या बाकावर ताई ओरडली नाही. ओरडली असती तर मी भांडले असते, माझी तयारी होती. ती नुसतं सांगत राहिली, जसं लहान मुलाला सांगतात. आईला उजेड कळतो, अंधार कळतो, बाकी काही नाही. उन्हाळ्यापासून. कोणाला कळू देत नाही. तुझ्याकडे यायचं म्हणाली कारण तुझं घर तिला पाठ आहे. पलंगावरून उठलं की खुर्चीची पाठ, तिथून हात सोडला की बाथरूमची चौकट. ताई म्हणाली, या जगात तेवढं एकच घर होतं जिथे तिला डोळे लागत नव्हते. सांगितलं होतं मी तुला.

सांगितलं होतं. मी वर लिहूनही ठेवलंय. टोमणा, असं.

चपलांचं ताईला मी सांगितलं नाही. पायांना जमीन कळावी म्हणून काढल्या असतील. एवढं आता मलाही कळतं.

११ डिसेंबर, रविवार

ऊन होतं. बसले नाही. सतरंजी काकूंच्या मांजराला दिली. तेही बसलं नाही.

१२ डिसेंबर

खोकी फळवाल्याला परत. त्याने विचारलं नाही. चादर काढली. साली टाकल्या. उशा कव्हरात घालून दुकानात नेल्या आणि मालकांना सांगितलं की हे त्या बाईचं कापड आहे. मालक उशांकडे बघून म्हणाले, ही एक तिरकी आहे.

भिंतीचं काही करता येत नाही. वर दुसरा रंग बसत नाही, सुटून येतो.

१४ डिसेंबर

खुर्ची परत नेली. मला वाटलं अंदाजाने ठेवावी लागेल, पण लिनोलियमवरचे चार खड्डे तसेच होते. एकेक पाय त्यात बसवला. बसताना चारही पायांचा आवाज झाला, आपापल्या घरात गेल्यासारखा. मग डोळे मिटून पलंगावरून उठले. हात पुढे केला. खुर्चीची पाठ लागली. तिथून चौकट. परत येऊन पुन्हा केलं. काकू मागे उभ्या होत्या हे मला माहीत नव्हतं. म्हणाल्या, आंधळी कोशिंबीर का? मग माझ्याकडे पाहून चहा टाकायला गेल्या.

२२ डिसेंबर

आईला फोन. उजवा हात बांधलेला, ताईने फोन कानाला धरला असणार, कारण मध्येच ताईचा श्वास ऐकू येत होता.

आई म्हणाली, दुखत नाही फार. इथे सायकल आता जिन्याखाली ठेवतात. मुलं शहाणी झालीत. मी हो हो म्हटलं. मग म्हणाली, एक विचारू का? त्या भिंतीचा रंग कुठला होता?

मी म्हटलं, आकाशी.

ती म्हणाली, वाटलंच मला. हाताला तसाच लागला.

ताई ऐकत होती. तिने ती भिंत पाहिली आहे.

३० डिसेंबर

नवीन वर्षाचे संकल्प: काही नाही.

थंडी अजून बरीच आहे. दुकानात ब्लँकेटांची रांग लागली आहे, मालक पुन्हा माझ्याशी बोलतात. घरी येऊन मी दिवा न लावता चपला काढते, पलंगाशी बसते, उठते, हात पुढे करते. खुर्ची असते. रोज असते. बाकी या घरात कौतुक करण्यासारखं काही नाही आणि यापुढे मी काही करणारही नाही.

उद्या फोन करणार आहे. ताई नाही म्हणेल, भावोजी मागून नाही म्हणतील, आणि त्या दोघांच्या आधी आईच म्हणेल, राहू दे गं, आता इथली सवय झाली. तिचं उत्तर मला पाठ आहे. तरी विचारणार. आई, फक्त आठ दिवस ये. काहीही हललेलं नाही. चपला नाही काढल्यास तरी चालेल.