तुमच्या कंपनीने नेलेला साचा

तीर्थस्वरूप श्रीधरभाऊजी यांस,

हिंगणा एमआयडीसीतून आपला मेहुणा अनंत याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार आपल्याला आहे, आपल्या कंपनीला नाही. तिच्या वाट्याचं खाली येतंच आहे.) आपली शुगर आटोक्यात असेल आणि यमुताईचे गुडघे तिला जिना चढू देत असतील, अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे ठणठणीत, फक्त धंदा बसला आहे. खरं तर फोनच करणार होतो. पण फोन यमुताई उचलते, जेवलास का विचारते, आणि बहिणीचा आवाज ऐकला की मला नीट भांडता येत नाही. म्हणून पत्र, तेही कुरिअरने.

आपल्या कंपनीचं पत्र मिळालं. तोटा सोसवत नाही, सबब चाकणचा कारखाना बंद, यापुढे गाड्या परदेशातून तयार येतील, आणि 'या सुंदर सहप्रवासाबद्दल आभार'. भाऊजी, सहप्रवास कसला? गाडी त्यांची, स्टिअरिंग त्यांचं, आणि बंद पडल्यावर धक्का मारायला आम्ही. तोटा होणारच होता. अकरा वर्षं मी तुमच्या गाडीचा कप-होल्डर बनवला आणि अकरा वर्षांत नागपुरात एक माणूस गाडीत बसून चहा पिताना पाहिला नाही. आपल्याकडे माणूस गाडी थांबवतो, उतरतो, टपरीवर उभा राहून चार जणांना नावं ठेवतो आणि मग चहा पितो. हे मी तुमच्या बैठकीत उभं राहून सांगितलं होतं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या मॉडेलला दोनाचे चार कप-होल्डर केले. (मी बनवले. ऑर्डर होती.) दरवर्षी मात्र भाव कमी करायला लावायचे, का तर म्हणे आपण सगळे एक कुटुंब. नागपुरात सदर भागातल्या हॉटेलात मला शाल, श्रीफळ आणि 'स्थानिक उत्पादन हेच भविष्य' असं लिहिलेली फ्रेम दिली होती. ते भविष्य आता जहाजातून येतंय, विजेवर चालणारं, कप-होल्डरसकट. त्या पत्रात माझ्या नऊ माणसांबद्दल एक ओळ नाही. तुळसाबाई पहिल्या दिवसापासून कप-होल्डरच्या कडा ब्लेडने साफ करते. ती मला म्हणाली, "भाऊ, रस्त्यावर गाड्या तर तेवढ्याच दिसून राहिल्या. मंग आपलंच काम काहून बंद?" तिचा प्रश्न उत्तरासाठी आपल्याकडे पाठवतो आहे. आपण पर्चेसमध्ये आहात, आपल्याला येत असेल तर कळवा.

आता साच्याचं. (आपण साचा फक्त कागदावर पाहिला असेल म्हणून सांगतो: दोन जड पोलादी ठोकळे, मध्ये वितळलेलं प्लास्टिक भरलं की वस्तू बाहेर येते. ठोकळे कंपनीचे, मशीन आणि घाम आमचा.) तो परत न्यायला कंपनीने ट्रक पाठवला तो नेमका खंडेनवमीला, ऐन पूजेत. आमचा नत्थू मशीन चालवतो, रोज खाप्याहून येतो. त्याने ट्रकवाल्याला सांगितलं, "आज नाही गा. नवमीले हत्यार आराम करते. आज तेले कोनी हात नाही लावत." ट्रकवाल्याने चाकणला फोन लावला, तर तिकडच्या कोणा साहेबाने मला इंग्रजीत विचारलं, ही नवमी करारात कुठे लिहिली आहे. तेव्हा माझं जे डोकं फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही. ट्रकवाला मात्र शहाणा निघाला. त्याने आपल्या ट्रकलाही आमचंच हळद-कुंकू लावून घेतलं, पोटभर जेवला आणि शेडमध्ये झोपला. दसऱ्याच्या सकाळी साचा जाताना मला बघवेना. मी पाठ फिरवून उभा राहिलो, हात मागे करून बोट दाखवलं आणि म्हणालो, तो उचला आणि चालते व्हा. नत्थू मध्येच काही बोलू लागला, त्यालाही गप्प केलं. साचा गेला, झेंडूच्या माळेसकट गेला.

तेव्हा संबंध संपला. आता आपल्या कंपनीकडून मला खिळासुद्धा नको. उपाशी राहीन, पण तिच्या दारात जाणार नाही. जावयाचा मान म्हणून आपल्याला एवढंच मऊ लिहिलं आहे, हे ध्यानात घ्यावं.

आपला (नाइलाजाने नम्र)
अनंत

ता. क. नत्थू काय सांगत होता ते मी चार दिवसांनी ऐकून घेतलं. पूजेत दोन साचे शेजारी शेजारी मांडले होते, आणि हळद-कुंकू, झेंडूखाली दोन्ही सारखेच दिसत होते. तुमचा साचा इथेच आहे. ट्रकमध्ये गेला तो माझा, आंघोळीच्या मगाचा. इथल्या जरीपटका बाजारातल्या व्यापाऱ्याला दिवाळीआधी मग द्यायचे आहेत आणि तुमचं काम गेल्यावर आम्हाला तेवढंच काम उरलं होतं. गोळा केलेले साचे या आठवड्यात पेटीबंद होऊन बोटीने परदेशातल्या कारखान्यात जाणार असं कळतं. तिकडच्या गाड्यांत सीटशेजारी मग बसले तर माझी काही हरकत नाही. पण पेटीला खिळे ठोकायच्या आत आपण स्वतः चाकणच्या गोदामात जाऊन माझा साचा बाहेर काढावा. झेंडू वाळला असेल, तरी ओळखू येईल. तुमचा मी स्वखर्चाने पाठवतो. वरचं दाराबद्दलचं वाक्य वाचलं नाही असं समजावं.

आणखी ता. क. नऊ जण रोज वेळेवर येतात, मशीन पुसतात आणि बसून राहतात. साचा दुरुस्तीला गेलाय, सोमवारी येतो, असं मी त्यांना सांगितलं आहे. नत्थूला खरं माहीत आहे, तरी सगळ्यांबरोबर तोही मान डोलावतो. भाऊजी, तेवढा सोमवार खरा करा.